अर्धंच वापरायचं

परतवाड्याच्या बाहेर, पेट्रोल पंपामागे, रात्री तीन वाजता
मेश्रामांचं श्वासाचं मशीन बंद पडलं
आणि मला जाग आली.
मेयोत तीस वर्षं रात्रपाळी केलेल्या बाईला
आवाजानं नाही, आवाज थांबल्यानं जाग येते.
दिवा विडीच्या टोकाएवढा उरला होता.
मास्क काढला, त्यांना कुशीवर वळवलं,
आणि उजाडेपर्यंत त्यांचं घोरणं मोजत बसले.

आता मे महिना. कामठी रोड.
आमची ट्रॅव्हलर, आधी कुठल्याशा कॉन्व्हेंटची,
ओट्याच्या वर अजून एक बदक चिकटलेलं,
तौसिफच्या दुकानापुढे मागचं दार उघडं टाकून उभी.
तो मीटर लावतो, मान हलवतो.
"संपल्या ह्या, सिस्टर. किती वेळा पार तळाला नेल्या?"
मेश्राम समोरच्या रसवंतीकडे पाहतात.

शिसं अर्धंच वापरायचं असतं, तौसिफ सांगतो.
दीडशे लिहिलं असलं तरी पंचाहत्तरच समजायचं.
त्याखाली गेलं की प्लेटा रुसतात,
मग कितीही चारा, चढत नाहीत.

अर्धंच वापरायचं,
हे मला कोणी शिकवावं!
साबणाची वडी दोऱ्यानं कापून अर्धी,
पगार अर्धा,
किरकोळ रजा तर दर डिसेंबरला अख्ख्या मेल्या.

जुन्या दोन, एकेक साठ किलोची.
उतरवायला दुकानातला विक्की आणि शेवटी रसवंतीवालाही.
माझ्या निळ्या साडीची तीन भोकं त्यांचीच,
शेगावजवळ पाणी भरताना पडलेली.

नवी लिथियमची. एकच, दोनशेची.
विक्कीनं एकट्यानं काखेत मारली.
किंमत ऐकून मेश्राम म्हणाले,
"एवढ्यात तर बाप्पा, एक स्कूटर आली असती."
"स्कूटरवर झोपता काय?" मी म्हटलं.

"आणि ही थकते कशी?"
"थकत नाही, सिस्टर. शेवटपर्यंत तेवढाच उजेड.
मग एकदम बंद."

असे पाहिलेत मी.
काही शिशासारखे: कण्हतात, मंदावतात,
गावाकडच्या मुलाला एसटीनं यायला वेळ देतात.
आणि एक सतरा नंबरच्या खाटेवरचा,
सकाळी सातला भांग पाडून बसलेला,
"चहात साखर जरा जास्त" म्हणाला.
चहा आला तेव्हा

"मग कळायचं कसं?"
"मोजावं लागतं. शंट बसवतो.
आत किती गेलं, बाहेर किती आलं, सगळं लिहून ठेवते."
म्हणजे इनटेक-आउटपुट चार्ट, मी म्हणाले.
त्याला कळलं नाही.
मला मात्र एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ती बॅटरी कळली.

मग पोह्याच्या तर्री लागलेल्या कागदावर हिशोब:
मशीन चार अँपियर, आठ तास, बत्तीस.
पंखा. फ्रिज, इन्सुलिनसाठी.
इंजिनकडून येणाऱ्या वायरीवर मध्ये वेगळा चार्जर,
नाहीतर ही हावरट, अल्टरनेटर जाळेल.
आणि ठेवायची कुठे?
सावलीतच सेहेचाळीस. तापली तर चार्जच घेणार नाही.
शेवटी पलंगाखाली, माझ्या बाजूला,
फळीला हवेसाठी दोन भोकं पाडून.

आज पहिली रात्र. लांब नाही,
इंदोऱ्यात आमच्याच फाटकापुढे गाडी लावून झोपलोय.
गल्लीतले कूलर खडखडतायत,
वाळ्याचा ओला वास गाडीत येतोय.
तीन वाजले. उठून मीटर पाहिलं.
एकोणऐंशी.
मशीन चालू. मेश्राम चालू.

"काहून जागून राहिली?" मास्कमधून आवाज.
"काही नाही."
"आता बसवली ना नवी? झोप ना पुरी."

पुरी झोप.
कूस बदलली. हात खाली सोडला, फळी गारच होती.
सवय नाही हो.
आज अर्धी घेते.